नळीतलं पाणी

आमच्या घरी सकाळी आधी आकडा यायचा आणि मग चहा. बाबा बगिच्यातून परत येत, सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, पायरीवर चपला काढत आणि आतल्या कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "आज बेचाळीस." कधी पंचावन्न, कधी आदल्या दिवशी पाऊस झाला असला तर नुसतं "सात". माय चुलीपाशी असायची. ती "बरं" म्हणायची आणि कोऱ्या चहात गूळ टाकायची. दुसऱ्यांच्या घरी ट्रान्झिस्टरवर बातम्या लागत, आमच्याकडे हा आकडा. जमिनीत ओल किती उरली आहे ते सांगणारा एक काटा आमच्या संत्र्याच्या बगिच्यात बसवला होता, त्याचा तो आकडा. आकडा लहान म्हणजे जमीन ओली, मोठा म्हणजे कोरडी. एवढं मला त्या वयातही समजत होतं. मला चौथीपर्यंतचंच लिहिता-वाचता येतं, पण आकडे तेवढ्यात भागतात.

तो काटा आमच्याकडे का इतका मोठा झाला, ते सांगायचं तर आधी बाबांच्या हातांचं सांगावं लागेल. बाबांना कुष्ठरोग झाला होता. आता लिहायला काही वाटत नाही, पण तेव्हा हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. माय "ते" म्हणायची. "ते झालं तवा शांता रांगत होती," असं. शांता म्हणजे मी. वर्ध्याकडच्या एका दवाखान्यातून बाबा गोळ्या आणत. वर्षानुवर्षं त्यांनी त्या घेतल्या आणि रोग गेला. डॉक्टरांनी बरा झाला म्हणून सांगितलं. पण दोन्ही हातांच्या पंजांतली जाण गेली ती परत आली नाही. उजव्या हाताची दोन बोटं आत वळली होती. गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणी तोंडावर बोलत नसे, पण लग्नाच्या पंगतीत बाबांच्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि बाबा आपणहून शेवटच्या पंगतीला बसायचे. लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. घाबरत होते. घाबरलेला माणूस आणि वाईट माणूस यांच्यात शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याला फरक पडत नाही, एवढंच.

आमचं गाव आर्वीच्या अलीकडे, सडकेवर. बगिचा सडकेला लागून. विहिरीवर मोटार बसली होती, पाणी दांडाने, म्हणजे मातीच्या पाटाने, यायचं आणि एकेका झाडाच्या आळ्यात सोडावं लागायचं. काळी जमीन फसवी असते. वरून भेगा पडलेल्या दिसतात आणि खाली हातभर गेलं की गारठा लागतो. म्हणून शेतकरी बुडाशी उकरून माती मुठीत दाबून पाहतो आणि मग मोटार चालू करतो. बाबांची मूठ माती दाबू शकत होती, पण तिच्याकडून त्यांना काही कळत नव्हतं. माझी चौथी झाली आणि पाचवीसाठी लांब जायची वेळ आली, तेव्हा मास्तर दोनदा घरी येऊन गेले. बाबा खाली पाहत बसले. माय म्हणाली, "मास्तर, घरी काम हाय तिले." कोणतं काम ते तिनं सांगितलं नाही. ते काम असं होतं की बाबा खुरप्यानं झाडाच्या बुडाशी कोपरभर उकरत, आतली माती काढून माझ्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "दाब. सांग, लोन्यावानी का पिठावानी?" गोळा झाला आणि त्यावर माझ्या बोटांचे ठसे राहिले तर लोणी, पाणी नको. अंगठ्यानं फुटला तर पीठ, पाणी सोडा. मधलंही बरंच काही असायचं आणि ते मला सांगता येईना, तर ते चिडत नसत. "अळशीच्या चटनीवानी?" असं विचारत. त्यांचे हात शाबूत होते तेव्हाचं सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते माझ्या हाताशी जुळवून पाहत. मला शिकायचं होतं आणि माझं शिक्षण बुडालं, असं काही मी म्हणत नाही. बाबांबरोबर बगिच्यात फिरायला मला आवडायचं.

वानखडे साहेब फाल्गुनात आले. शेतकी कॉलेजातले, वयानं तरुण, कॉलर मळलेली, हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांना शेतकऱ्याच्या बगिच्यात ओलाव्याचं यंत्र लावून पाहायचं होतं आणि आमचा बगिचा सडकेला लागून होता म्हणून ते आमच्याकडे आले. दुसरं काही कारण नव्हतं. यंत्र म्हणजे हातभर लांबीची राखाडी नळी. खालच्या टोकाला पांढऱ्या भाजलेल्या मातीचं टोपण, खडूसारखं. वरच्या टोकाला घट्ट बूच आणि बाजूला घड्याळासारखी तबकडी, तिच्यात एक काटा. साहेबांनी आधी नळी पाण्यानं भरली आणि पांढरं टोक बादलीत बुडवलं. काटा शून्यावर. मग नळी बाहेर काढून वाऱ्यावर धरली. हळूहळू काटा चढायला लागला.

"पाहा काका, टोक सुकतंय, तशी ते आतलं पाणी ओढून घेतंय. जमीनही तशीच ओढते. जितकी कोरडी तितकी जास्त ओढ. हे पाहून घेतलं की समजायचं यंत्र बरोबर आहे."

"म्हंजे हात लावाचं काम नाई?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही. नुसतं पाहायचं."

"नुसतं पायाचं," बाबा म्हणाले.

साहेबांनी त्यांचा हात धरून तबकडीवर नेला आणि कुठे टिचकी मारायची ते दाखवलं, म्हणजे काटा अडकला असेल तर सुटतो. हात धरताना त्यांनी बोटं पाहिली असणारच. सोडला मात्र नाही. दुपारी माय स्वयंपाकघरातून मला हळूच म्हणाली, "विचार त्यायले, जेवतात का." ती विचारायला घाबरत होती, कारण नाही म्हटलं तर काय करायचं हे तिला कळत नव्हतं. साहेब जेवले. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कढी. कढी दोनदा मागून घेतली. त्या दिवशी माय संध्याकाळपर्यंत मोठ्यानं बोलत होती, उगाचच, कोंबड्यांशीसुद्धा.

साहेबांनी सांगून ठेवलं होतं की काटा साठापर्यंत आला की पाणी द्यायचं, आणि मध्ये मध्ये बूच उघडून नळी काठोकाठ भरायची. पाणी उकळून गार केलेलं हवं, नाहीतर आत बुडबुडे धरतात. यावरून माय बोलायची. "घरच्या मानसायले कधी उकळून देल्लं नाई, आन या नळीले मात्र देऊन राह्यली मी! जावई हाय जसा!" पण द्यायची. बाबा तांब्या घेऊन जात, बूच उघडत, भरत, नळीला टिचक्या मारत, वर आलेला बुडबुडा फुटेपर्यंत थांबत, बूच दोन्ही तळहातांमध्ये धरून आवळत. बोटांनी आवळणं त्यांना जमत नसे. तबकडीची काच धोतराच्या सोग्यानं पुसत. माझ्या तळहातावर माती ठेवणं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केलं. मी सवयीनं मागे जायची, तर म्हणाले, "तू कायले येतं वो उन्हात? घरी मायले हातभार लाव." आनंदात म्हणाले. मी घरी राहून हातभार लावायला लागले आणि मला ते आवडलं नाही. त्याचं फारसं काही करण्यासारखं नव्हतं.

लोक काटा पाहायला येऊ लागले. आमच्या सपरीत न बसणारे लोक बगिच्यात येऊन उकिडवे बसत आणि बाबा त्यांना समजावून सांगत. कुणी विचारी, "नामदेवभाऊ, आज पानी देऊ का नको, तुमचा काटा काय म्हनते?" चेष्टाही करीत. "आमच्या बायकोच्या डोक्याले लावून पाहा एकडाव, किती तापली ते दिसन." बाबा हसत. मी त्यांना माणसांत बसून हसताना तोवर पाहिलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमची झाडं गावात सगळ्यांत हिरवी होती, हे खरं आहे. काट्यानं काम चोख केलं. आज माझ्या नातवाच्या बगिच्यात तारा पुरलेल्या आहेत आणि ओलाव्याचा आकडा त्याच्या मोबाईलवर येतो. मी त्याला विचारते, तारा उकरून पाहिल्या का, चालू आहेत का? तो म्हणतो, "आजी, आकडा येऊन राह्यला म्हंजे चालूच असन ना." आता त्याच्याशी वाद घालायचं वय नाही, त्याचंही आणि माझंही.

मग हिवाळा आला आणि ताण द्यायचे दिवस आले. ज्यांच्याकडे संत्र्याची झाडं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अंबिया बहार धरायचा असेल तर हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, थोडी गळतात, आणि मग ऐन वेळी पाणी सोडलं की फुलांनी पांढरं होतं. याला ताण देणं म्हणतात, आणि पाणी सोडलं की ताण तोडला म्हणतात. आमच्याकडे ताण बसवण्याचा एक कडक नेम होता. त्या दिवशी मोटारीला नारळ फोडायचा, दांड मातीनं बुजवायचा आणि त्यानंतर ताण तुटेपर्यंत बगिच्याच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत पाण्याचं भांडं न्यायचं नाही. प्यायचं पाणी विहिरीपाशी निंबाखाली. हात-तोंड धुणं तिथंच. निंदायला येणाऱ्या बाया ओलं लुगडं नेसून आत येत नसत. झाडाला पाण्याचा वास लागला तर ताण मोडतो, असं म्हणायचे. वासाचं मला माहीत नाही, पण नेम सगळं गाव पाळायचं.

त्या सकाळी नारळ फोडून झाल्यावर मायनं विचारलं होतं, "आन नळीचं? पानी टाकाचं नाई का तिच्यात?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "ताणात? तांब्या घेऊन जाऊ बगिच्यात? काई समजते का तुले?"

"होय बाई, माह्यंच चुकलं," माय म्हणाली आणि हसली. मीही हसले. गावातला कुणीही हसला असता. साहेबांनी नळी भरायला सांगितलं होतं ते पाणी देण्याच्या दिवसांसाठी, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

काटा चढायला लागला. पन्नास, साठ, सत्तर. बाबा रोज येऊन सांगत आणि आवाज रोज थोडा वर चढे. सत्तरच्या पुढे काटा गेलेला आम्ही पाहिला नव्हता. "यंदा असा ताण बसून राह्यला, का पाहाच. पानं नाई दिसनार, फुलंच दिसतीन." काटा ऐंशीवर जाऊन टेकला आणि एका सकाळी बाबा आले ते चपला न काढताच पायरीवर बसले. मायनं विचारलं, "काय हाय आज?" ते म्हणाले, "तीस." दुसऱ्या दिवशी काटा दहावर होता, आणि मग शून्यावर गेला. भर पावसाळ्यात असतो तसा. आभाळात ढग नव्हता.

बाबा दिवसभर बगिच्यात फिरले. पाणी कुठून आलं ते शोधत होते. धुऱ्यापलीकडे मोठेबाबांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं वावर होतं आणि त्यात गहू होता. गव्हाला नुकतंच पाणी दिलेलं. काळ्या मातीच्या भेगांतून पाणी कुठल्या कुठं जातं, हे कुणालाही माहीत आहे. बाबांनी ते धरून बसावं यात नवल नव्हतं. दोघं भाऊ धुऱ्यावर उभे राहिले. मी मोठेबाबांसाठी ताक घेऊन गेले होते, म्हणून मी तिथं होते.

"दादा, तुह्या गव्हाचं पानी माह्या झाडाखाली येऊन राह्यलं. माह्या ताण मोडला."

"कुठून येईन बापा? मधात धुरा हाय, नाली हाय. वाटून राह्यलं का तुले काई?"

"काटा शून्यावर हाय. मी काऊन खोटं बोलू?"

"काट्याचं मले नको सांगू नाम्या. खाली वाक अन माती घे हातात."

बाबा वाकले नाहीत. मोठेबाबांनी तोंडात आलेलं बोलून टाकलं. "पन तुले वलं-कोल्डं समजन कुठून? पोट्टीच्या हातानं शेती केली तुनं, आता घड्याळाच्या हातानं करून राह्यला."

ताक मी तसंच परत आणलं. मोठेबाबा रागात बोलले होते, आणि पुढे कित्येकदा त्यांनी मायजवळ त्याचं वाईटही वाटून घेतलं. पण त्या एका बोलण्यानं काम झालं. त्यानंतर बाबांना माती हातात घेऊन पाहा म्हणणारा प्रत्येक माणूस मोठेबाबा झाला.

मी मात्र पाहिलं. बाबा आर्वीला गेले होते तेव्हा मी खुरपं घेऊन गेले आणि कोपरभर उकरलं. माती पिठासारखीसुद्धा नव्हती. दाबली तर बोटांमधून राखेसारखी निघून गेली. अजून खोल गेले, तीच. संध्याकाळी बाबा आल्यावर मी पदरातून मूठभर नेली आणि त्यांच्यापुढे धरली. "बाबा, खाली काईच वल नाई. पाहा."

"मले काय पायाले सांगतं?"

"मी दाबून पाह्यली. राख हाय."

बाबांनी मातीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मंग काटा खोटं बोलते का? त्याले काय माह्यासंग दुश्मनी हाय?" आणि मग हळू म्हणाले, "मरेपर्यंत तुह्याच हातानं करू का मी शेती, शांते? तू लगन होऊन जाशीन, मंग?" मी माती अंगणात झटकली. माय आतून म्हणाली, "अवो, पोरगी सांगते त आयका जरा." त्यांनी ऐकलं नाही. ते जेवायला बसले आणि तुरीच्या वरणात भाकर कुस्करत राहिले, खाल्ली नाही.

गावातल्या बाकीच्यांनी ताण तोडले. मोटारी चालू झाल्या, विहिरींवरून त्यांचा आवाज दिवसभर यायचा, आणि काही दिवसांत साऱ्या शिवारात संत्र्याच्या फुलांचा वास भरला. सकाळी अंगण झाडताना तो वास नाकात बसायचा. आमची मोटार बंद होती. आमची झाडं पानं टाकत होती. बाबांचं म्हणणं होतं की बुडाशी पाणी साचलं तरी पानं पिवळी पडून गळतात, मुळं कुजतात, आणि अशा वेळी वरून पाणी देणं म्हणजे झाड मारणं. हे खरंच आहे. जास्त पाण्यानंही झाड असंच दिसतं. ते वेडे नव्हते, अडाणीही नव्हते. ते झाडाकडे पाहत होते आणि काट्याकडे पाहत होते, आणि दोन्ही त्यांना एकच गोष्ट सांगत होते. काटा पाहायला येणारे लोक यायचे थांबले. बाबा एकटेच सकाळी जात, काच पुसत, बूच आवळून पाहत, टिचकी मारत. घरी येऊन आकडा सांगणं त्यांनी बंद केलं.

वानखडे साहेब होळीच्या आधी आले. मधल्या काळात ते टायफॉइडनं घरी पडून होते, असं नंतर कळलं; चेहरा गळलेला तर दिसतच होता. सडकेवर एसटीतून उतरले ते घरी न येता सरळ बगिच्यात गेले. मी तिकडून सरपण घेऊन येत होते. साहेब दोन झाडांच्या मध्ये उभे होते. बाबा त्यांना हात जोडून म्हणाले, "साहेब, बरं झालं आले. पानी कुठून येते ते सापडून नाई राह्यलं."

साहेबांनी बूच उघडलं. नळीत डोळा लावून पाहिलं. मग गवताची एक लांब काडी तोडून आत सोडली, पार खालपर्यंत, आणि बाहेर काढली. काडी कोरडी होती.

"काका, यात पाणी कधी भरलं?"

"ताण बसवाच्या आधी."

"त्यानंतर?"

"ताणात?" बाबा म्हणाले. "ताणात पानी कसं नेईन मी बगिच्यात?"

साहेब धुऱ्यावर बसले. बाबांवर ते रागावले नाहीत, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. ती काडी हातात फिरवत त्यांनी सांगितलं की जमीन फार सुकली आणि तिनं नळीतलं सगळं पाणी ओढून घेतलं. पाणी संपल्यावर नळीत हवा भरली. आता ओढायला आत काही उरलं नाही, म्हणून काटा खाली आला. रिकामी नळी आणि ओली जमीन, काट्याला दोन्ही सारखंच दिसतं. "पाणी भरलं असतंत तरी इतक्या ताणात हा टिकला नसता काका. ऐंशीच्या वर हा जातच नाही. ताणासाठी हा नाहीच. हे मी सांगायला हवं होतं." मग ते म्हणाले, "आम्ही ताणाचं पुस्तकात वाचतो. नेम वाचत नाही."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे शून्य आला त्या दिवशी जमीन कोल्डी होती?"

"त्याच्या आधीच फार कोरडी झाली होती."

"पोरगी सांगत होती," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. उठले, विहिरीवर गेले आणि मोटार चालू केली. फावड्यानं दांडाचं बुजवलेलं तोंड फोडलं. पाणी भेगांमध्ये असं शिरत होतं की बराच वेळ एकाही आळ्यात ते उभं राहिना.

काही झाडं फुटली. शेंड्याकडून वाळत आलेल्या फांद्यांवर इथं तिथं हिरवं बोट दिसायचं, आणि पुढच्या उन्हात तेही जळायचं. उन्हाळा ऐन भरात आला तेव्हा अर्ध्याहून जास्त बगिचा सरळ वाळला होता आणि उरलेल्या झाडांच्या बुडांतून डिंक वाहत होता. बाबांनी सगळीच झाडं तोडायची ठरवली. मजूर लावले, पण स्वतःही कुऱ्हाड घेतली. पहिल्या दिवशी दुपारी मोठेबाबा धुरा ओलांडून आले, त्यांनी एका मजुराच्या हातची कुऱ्हाड घेतली आणि बाबांच्या शेजारच्या झाडाला भिडले. दोघं भाऊ दिवस मावळेपर्यंत तोडत होते. फांदी पडायची असली की तेवढं "सरक" म्हणायचे. घरी आल्यावर मायनं कुऱ्हाडीचा दांडा पाहिला. तो लाल झाला होता. बाबांचे तळहात फुटून किती वेळ रक्त वाहत होतं, हे त्यांना कळलंच नव्हतं. मायनं हळद लावून हात बांधले आणि कुऱ्हाड शेजारच्यांकडे ठेवून आली. पावसाळ्याआधी ते वावर मोठेबाबांना बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलं. बाबा नंतर पुष्कळ वर्षं जगले. माझी दोन्ही मुलं त्यांनी खेळवली. वावरात मात्र गेले नाहीत.

साहेब नळी परत न्यायला आले. बाबांनी ती आधीच उकरून ठेवली होती. मायकडून पाणी उकळून घेतलं, पांढरं टोक नव्या फडक्यानं घासलं, नळी काठोकाठ भरली आणि टोक सुकू नये म्हणून ती बादलीत उभी केली. साहेबांसमोर त्यांनी ती बाहेर काढून वाऱ्यावर धरली. काटा चढायला लागला. "चालते," बाबा म्हणाले. "काई बिघडलं नाई याचं." त्यांनी स्वतः ती गोणपाटात गुंडाळून दिली.

साहेब निघाले तसे बाबा त्यांच्यामागून अंगणात गेले.

"दुसऱ्या कोनाकडे लावान ना साहेब, त त्याले सांगजा. ताणात याच्यावर जाऊ नको म्हना. ताणात हे रिकामं होते अन वलं दाखवते."

"सांगीन काका."

"असं नुसतं सांगान त कोनी नाई आयकत. नामदेव अमक्या गावचा, त्याचा बगिचा गेला, असं सांगजा. माह्यं नाव घेजा. गावाचंबी."

साहेब "बरं" म्हणाले आणि गोणपाट खांद्यावर घेऊन सडकेकडे गेले. ते आम्हाला पुन्हा कधी भेटले नाहीत. त्यांनी कुणाला सांगितलं की नाही, ते माहीत नाही.

माय दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती एकदम उसळली. "नाव सांगाले निंगाले! आधीच का कमी नाव हाय आपलं? पोरीचं लगन व्हायचं हाय अजून!"

"सांगू दे," बाबा म्हणाले.

माय पाय आपटत आत गेली आणि चुलीत लाकूड सारलं. संत्र्याचंच होतं. अंगणात भिंतीला लागून त्याची रास लावली होती, ती पुढचा सगळा पावसाळा आणि हिवाळा आम्हाला पुरली. मी भाकरी करायला बसायची ती त्याच लाकडावर. पावसाळ्यात सरपण धुरावतं, डोळ्यांतून पाणी काढतं. त्या लाकडानं वर्षभरात कधी धूर केला नाही, इतकं ते वाळलेलं होतं.